दुर्बिणीबद्दल, सोलापूरहून

सोलापूर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण म्हटलं, आधी एकदा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाऊन येऊ. दुर्बिणीचं फील्ड, म्हणजे एका नजरेत दिसणारी रुंदी, किती हवं हे तू विचारलंयस, ते माळावर उभं राहूनच नीट कळतं. आज पहाटे जाऊन आलो.

8×42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटरच्या भिंगाची घ्यायची हे तू पक्कं केलंस, ते बरं झालं. पण "एकीचं फील्ड 112 मीटर, दुसरीचं 145, मग विचार कसला करायचा?" असं लिहिलंयस, तिथे मी अडलो. निकॉनच्या एम 5 आणि एम 7 चे हे आकडे मलाही ठाऊक आहेत. हजार मीटरवर दिसणारी ही रुंदी. शंभर मीटरवर आणलीस तर एकीत सव्वाअकरा, दुसरीत साडेचौदा मीटर. फरक थोडा वाटतो, पण क्षेत्रफळ काढून बघ, दीडपटीहून जास्त माळ एका नजरेत येतो. तू त्यावर भाळलास यात नवल नाही.

आजच बघ ना. नांगरून पडीक टाकलेल्या एका तुकड्यापाशी थांबलो होतो. समोर ढेकळांशिवाय काही नाही. दुर्बीण सावकाश फिरवत होतो, तर डाव्या कडेला एक ढेकूळ सरकल्यासारखं झालं. धाविक पक्षी! चार पावलं पळाला, थबकला, मान ताठ केली आणि परत मातीत मिसळून गेला. मग त्याच्याच आसपास आणखी तीन सापडले. पहिला दिसला तो अगदी कडेला, आणि तिथे चित्र धूसरच होतं. तरी चाललं, कारण हालचाल टिपायला धूसर चित्रही पुरतं. आपल्या डोळ्याचंही असंच आहे. लख्ख दिसतं ते मधल्या दोनेक अंशांत, बाकीची नजर फक्त सांगते की तिकडे काहीतरी आहे. म्हणून कडा थोड्या मऊ असल्या तर मी दुर्बिणीला नावं ठेवत नाही.

पण गेल्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही. हॅरियर, म्हणजे आपले भोवत्या, हे शिकारी पक्षी रात्रीच्या मुक्कामाला गवतात उतरत होते. सूर्य समोरच, क्षितिजापासून हातभर वर. बरोबरच्या एका मित्राकडे नवीन, भरपूर रुंद फील्डची दुर्बीण होती. प्रत्येक पक्षी आधी त्यालाच सापडायचा. माझी जुनी, फील्ड सात अंशांचं, म्हणजे 122 मीटर. एक तपकिरी मादी गवतावरून तरंगत आली. माँटेग्यू की पॅलिड, भोवत्याच्या या दोन जातींपैकी कुठली? त्याच्या दुर्बिणीत उजेडाचा पांढुरका पडदा आला होता आणि पंखांना जांभळट किनार सुटलेली. माझ्या दुर्बिणीत कानाजवळचा काळसर चट्टा दिसला, आणि त्याच्या मागे मानेवरची फिकट पट्टी, अगदी स्वच्छ. पॅलिडच. दोन्ही दुर्बिणी 8×42, दोन्हींतून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचाच. फरक पडला तो काचेचा, कोटिंगचा आणि नळीच्या आतल्या काळ्या रंगाचा. हे कुठल्याही आकड्यात छापलेलं नसतं रे, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

फील्ड रुंद करायचं तर आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भागाला, जास्त आणि मोठी भिंगं लागतात, प्रिझमही मोठा लागतो. ते सगळं उत्तम दर्जाचं करायचं तर किंमत आणि वजन दोन्ही वाढतं. त्याच किमतीत कोणी फार रुंद फील्ड देत असेल तर कुठेतरी हात आखडलेला असणार, तो कुठे हे आपण शोधायचं. रूफ प्रिझमची, म्हणजे सरळ नळ्यांची, घेणार असशील तर फेज कोटिंग, म्हणजे प्रिझमवरचा खास लेप, आहे ना, हे जरूर विचार. झाइसने ते 1988 मध्ये आणलं. ते नसेल तर पिसांवरच्या बारीक रेघा किंचित विरतात.

आणि तुझा चष्मा! आय रिलीफ म्हणजे पूर्ण चित्र दिसत असताना डोळा भिंगापासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर. चष्मा लावून ते कमी पडलं तर 145 मीटरमधले कडेचे मीटर तुला दिसणारच नाहीत, पैसे मात्र त्यांचे पूर्ण मोजशील. आयकप, म्हणजे डोळ्याला टेकणारी कड, खाली दाबून, चष्म्यासकट, वर्तुळाची काळी कड सगळीकडून दिसते का ते बघ. सोळा-सतरा मिलिमीटरच्या खाली मी तरी जाणार नाही.

दुकानात भिंतीकडे बघून काही ठरवू नकोस. बाहेर ये, उजेडाविरुद्ध एखादी विजेची तार बघ. मधोमध धर, रंगाची किनार दिसते का? मग तार कडेला ने. थोडी वाकली तर घाबरू नकोस, दुर्बीण फिरवताना चित्र गोलावरून घरंगळल्यासारखं वाटू नये म्हणून तेवढा वाक मुद्दाम ठेवतात. मी इथे सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून मंदिराच्या कळसावर हेच करतो, उन्हं उतरताना.

माझ्याकडून विचारशील तर 120-130 मीटरच्या आसपास फील्ड आपल्या माळाला पुरतं. त्याच्या पुढचा पैसा मी काचेवर घालीन. फक्त 112 वाली मला थोडी कोंडल्यासारखी वाटते, एवढं तुझ्या बाजूने कबूल करतो. दोन्ही चांगलं मिळत असेल आणि खिसा देत असेल तर अवश्य रुंद घे.

पण अजून पैसे भरू नकोस. संक्रांतीला ये, गड्ड्याची जत्रा असेल. माझी जुनी दुर्बीण आहेच, त्या मित्राची रुंद फील्डचीही मागून ठेवतो. पहाटे धाविकांचा तो तुकडा, संध्याकाळी भोवत्यांची जागा, दोन्हीकडे दोन्ही गळ्यात घालून बघ. बार्शी रस्त्याने नान्नज वीसेक किलोमीटर, पाचला निघालो तरी चालेल. भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर घेऊच. माळढोक मला कित्येक वर्षांत दिसलेला नाही, तरी तिथे उभं राहिलो की अजून त्यालाच शोधतो.

वहिनींना नमस्कार. येताना रोजचाच चष्मा आण, वाचायचा नको.

तुझाच,
अनंत