तीच जुनी खोड

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, तेव्हा आधी शिव्या घालून घे. तब्येत ठीक, साखर वरखाली होते, चालायचंच.

लिहायला बसलो कारण इथे मी माती खाल्ली आहे आणि ती तुलाच कळेल. लेकीच्या गावात, इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावरच्या शँकलिनला, एक घळ आहे. धबधबा, नेचे, आणि त्यातून चक्क एक पाइपलाइन गेलीय! १९४४ ची 'प्लूटो', समुद्राखालून फ्रान्सला पेट्रोल पाठवायची. आतून तीन इंच. हो, तीनच! पण डोकं बघ: समुद्री तारेची केबल घ्यायची, पोटातली तार काढायची, उरलेल्या पोकळीतून पेट्रोल. शिशाची नळी, वर पोलादी पट्ट्या, वर तारांचं चिलखत. हार्टली नावाच्या इंजिनिअरची कल्पना. मी नळीवर हात ठेवून उभाच राहिलो, लेक म्हणाली, "बाबा, लोक बघतायत." शेजारच्या सँडाउनला तर पंप आइस्क्रीमच्या दुकानात दडवले होते. तिथे तुझी ड्यूटी लागती तर पेट्रोलआधी आइस्क्रीम संपलं असतं.

मला तिथे नेलं शेजारच्या आजींनी. त्यांचे काका या कामावर होते. थर्मासातला चहा ओतत म्हणाल्या, आमच्या बेटाच्या पेट्रोलवर युद्ध जिंकलं. आणि मी, गाढव, आदल्या रात्री सगळं वाचून बसलेलो. म्हटलं, ऑगस्टात टाकलेली पहिली नळी सोबतच्या जहाजाच्या नांगराने गेली. पेट्रोल फ्रान्सच्या शेर्बूरला पोचायला २२ सप्टेंबर उजाडला. मग दाब वाढवला तशा चालू असलेल्या दोन्ही नळ्या गेल्या आणि ४ ऑक्टोबरला इथला कारभार बंद. खरं काम पुढे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डंजनेसहून फ्रान्सच्या बूलोनला गेलेल्या नळ्यांनी केलं. एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. युद्धानंतर बहुतेक नळी शिशासाठी उपसून विकली, हेही सांगितलं.

आजी काही बोलल्या नाहीत. थर्मासचं झाकण लावलं. रोज खिडकीतून हात करायच्या, आठवडा झाला, पडदा ओढलेला.

आपल्या पाइपलाइनवर घाटात पिग, तो नळी साफ करायचा बोळा, अडकला ती रात्र आठवते? लॉगबुकात तू 'किरकोळ विलंब' लिहिलंस, मी खोडून 'सात तास' केलं, आणि मेमो मिळाला तो व्हॉल्व्हपाशी चिखलात उभ्या असलेल्या पोराला. तू महिनाभर माझ्याशी बोलला नव्हतास. तेव्हा मला तुझा रागच आला होता. परवा त्या थर्मासच्या झाकणाचा आवाज ऐकला आणि तो पोरगाच डोळ्यांपुढे आला.

पण मग खोटं बोलायचं का रे? फसली म्हणून ती नळी मला कमी आवडत नाही, उलट जास्तच आवडते. इतक्या दाबाला शिसं आणि सांधे किती टिकणार, हे आपल्याला माहीत. हेच आजींना इंग्रजीत सांगायचं म्हटलं तर माझी बोबडी वळते. उद्या जाऊन काकांचा फोटो दाखवा म्हणेन. तू काय केलं असतंस ते लिही.

वहिनींच्या गुडघ्याचं झालं का? नातवाची दहावी? घर विकलंस की अजून भाव धरून बसलायस?

तुझा,
अव्या

ता. क. सात नव्हे, सव्वासात तास होते.