गोळ्यांची पिशवी घेऊन ये

प्रिय विन्या,

फोनवर तू घाईत होतास आणि माझ्या काउंटरवर गर्दी होती, म्हणून दुकान बंद करून लिहायला बसलोय.

काकूंच्या फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या अर्लोटिनिबच्या गोळीबरोबर सेलेकॉक्सिब ही गुडघेदुखीची गोळी सुरू करू का, तिने कॅन्सरच्या औषधालाही मदत होते असा फॉरवर्ड आलाय, असं विचारलंस. कल्पना काही वेडगळ नाही. अर्लोटिनिब गाठीतल्या पेशींना ईजीएफआर या त्यांच्यावरच्या प्रथिनाकडून मिळणारा ‘वाढा’ हा हुकूम तोडतं. पण तिथे कॉक्स-२ हे सूज-वेदना वाढवणारं एन्झाइम जोरात असेल, तर त्यातून बनणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन तोच हुकूम मागच्या दाराने पोचवत राहतं. सेलेकॉक्सिब हे मागचं दार लावते.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधल्या डॉक्टरांनी हे रुग्णांवर करून पाहिलं. २००६ साली त्यांनी सेलेकॉक्सिबचा डोस सुचवला तो ६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा! आपल्याकडे गुडघ्यांना २०० ची गोळी देतात. पुढे १०७ रुग्णांची चाचणी झाली, अर्लोटिनिबबरोबर काहींना सेलेकॉक्सिब, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. २०१५ मध्ये निकाल छापून आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर आजार थोपवण्यात ठाम फरक नाही. ज्यांच्या लघवीत प्रोस्टाग्लँडिनचा अंश आधीच जास्त होता, त्यांना मात्र फायदा झाल्यासारखं दिसलं. तुला आलेल्या फॉरवर्डमध्ये हा शेवटचा तुकडाच असणार, पैज लाव. आणि त्या चाचणीत सगळेच काकूंसारखे ईजीएफआरच्या जनुकात बदल (म्युटेशन) असलेले नव्हते.

मला खरी भीती वेगळीच आहे. अर्लोटिनिबवर असताना अशी वेदनाशामकं घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा, क्वचित आतड्याला भोक पडण्याचा धोका वाढतो. त्यात काकूंना बीपी. सेलेकॉक्सिबचा मोठा डोस हृदयालाही जड जातो. शिवाय दुखण्याची गोळी मागितली की आम्ही केमिस्ट हाताच्या सवयीने सोबत गॅसची गोळीही देतो. ओमेप्राझोलसारख्या गोळीने अर्लोटिनिबचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं! एवढी महागडी गोळी, आणि अर्धी वाया.

काकू गॅसचं काही घेतात का, ते आजच बघ. अर्लोटिनिब चहा-पोह्यांवर घेत असतील तर तेही थांबव, खाण्याआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी घ्यायची असते ती. काकूंचा गुडघा फारच ठणकत असेल तर ऑन्कोलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) फोन करून विचार, स्वतःच्या मनाने काही देऊ नकोस.

मंगळवारी ओपीडीला मीही येतो. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आण, काढे-चूर्णंसुद्धा. काकूंना सांग, या वेळी डबा मी आणतोय.

तुझा,
बाळ्या