आबांना ती पूड देऊ नकोस

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप काल उशिरा वाचला. फोन करणारच होतो, पण मग वाटलं सविस्तर लिहावं. हे तुला एकट्याला समजून भागणार नाही. काकूंना, आक्काला आणि ज्या पाव्हण्यांनी आबांच्या कॅन्सरवर म्हणून एवढ्या मायेने ती नरक्याची पूड आणून दिली त्यांनाही पटायला हवं. कागद हातात असला की चारचौघांत सांगायला बरं पडतं.

आधी उत्तर देतो. आबांना नरक्याच्या, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या त्या झाडाच्या, सालीची पूड देऊ नकोस. चिमूटभरही नको, मधातून नको, काढा करून तर नकोच. आधीच दिली असेल तर किती आणि कधी दिली ते उद्या सकाळी डॉक्टरांना सांग. रागावतील म्हणून लपवू नकोस. त्यांना ते कळणं फार गरजेचं आहे.

आता कारण. तू विचारलंस, 'तुझ्या पीएचडीचं झाड तेच, त्यातून कॅन्सरचं औषध निघतं असं तूच सांगतोस, मग द्यायला हरकत काय?' प्रश्न अगदी रास्त आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. पाव्हणे खोटं बोलत नाहीत. नरक्यात कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य आहे, त्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. आणि तू पाठवलेल्या केसपेपरच्या फोटोत आबांच्या केमोच्या औषधांमध्ये 'इरिनोटेकॅन' लिहिलंय ना? ते ह्याच कॅम्प्टोथेसिनपासून तयार केलेलं आहे. नरक्यातलं जे कामाचं आहे ते सुधारून, मोजून, आबांच्या वजन-उंचीचा हिशोब करून सलाईनमधून त्यांना मिळतंच आहे. वरून पूड दिलीस तर त्याच जातीचं जहाल द्रव्य पुन्हा एकदा, बिनमोजलेलं, पोटात जाईल.

बिनमोजलेलं का म्हणतो ते सांगतो. प्रयोगशाळेत आम्ही वाळलेली साल दळून मिथेनॉलमध्ये तासन्‌तास उकळतो, अर्क आटवतो आणि त्याचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सिलिकाच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवतो. पट्टीचा खालचा काठ द्रावणात बुडवला की द्रावण वर चढतं आणि अर्कातली वेगवेगळी द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतात. मग खोलीतला दिवा बंद करून पट्टी अतिनील दिव्याखाली धरायची. साध्या उजेडात जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे लख्ख निळा ठिपका पेटतो. तेच कॅम्प्टोथेसिन. मला आजही तो ठिपका बघताना तितकाच आनंद होतो. पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन झाडांच्या अर्कांत एकाचा ठिपका ठळक असतो, तर दुसऱ्याचा जेमतेम. खोड, मूळ, पान प्रत्येकात प्रमाण वेगळं. एका डोंगरावरचं झाड आणि पलीकडच्या डोंगरावरचं झाड यांतही फरक. डोळ्यांनी बघून किंवा वास घेऊन ते कळत नाही. तुझ्याकडच्या डबीत काय आहे, किती आहे, हे देणाऱ्यालाही माहीत असणं शक्य नाही. शिवाय हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे काढ्यात किती उतरेल याचाही भरवसा नाही.

ह्या द्रव्याची गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे, कारण ह्यात आपला एक माणूस आहे. मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएचडी केली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर कामाला लागले. चीनमधल्या एका झाडाचा अर्क ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या उंदरांवर चांगला चालतो हे वॉल यांना आधीच दिसलं होतं. त्या अर्कातलं नेमकं कोणतं द्रव्य काम करतं ते शोधायला त्यांना वर्षं लागली. अर्क वेगळा करायचा, प्रत्येक भाग उंदरांवर तपासायला पाठवायचा, निकालाची वाट बघायची, चालला तो भाग पुन्हा वेगळा करायचा. १९६६ साली त्यांनी कॅम्प्टोथेसिनची रचना जाहीर केली. पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं दुसरं द्रव्यही ह्याच दोघांच्या गटाने जगासमोर आणलं. दोन झाडं, दोन औषधं, आणि आज जगभर किती घरांतली माणसं त्यांच्यावर जगताहेत! वाणी २०२० साली गेले. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांत ह्या माणसाचं नाव का दिसत नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात तेच द्रव्य आहे हे १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. चिनी झाड आणि आपलं झाड यांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही, तरी दोघांत एकच द्रव्य.

आता तुझ्या प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध आहे तो भाग. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे द्रव्य माणसांना देऊन पाहिलं. ते विरघळत नाही म्हणून त्याचं सोडियमचं क्षार रूप केलं, ते पाण्यात विरघळतं. उंदरांवर एवढा गुण दाखवणारं औषध माणसांत मात्र फारसं चाललं नाही. उलट रुग्णांच्या रक्तातल्या पेशी घसरल्या, जुलाब झाले, मूत्राशयाला सूज येऊन लघवीतून रक्त जाऊ लागलं. चाचण्या थांबवाव्या लागल्या.

असं का झालं, हे कळायला पुढे बराच काळ गेला. हा पाच कड्यांचा रेणू आहे. त्यातली शेवटची कडी मिटलेली असेल तरच तो काम करतो. क्षार करताना नेमकी तीच कडी उघडते. रक्तातही ती आपोआप उघडत राहते, आणि उघडलेलं रूप माणसाच्या रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतं. उंदराचं अल्ब्युमिन त्याला तसं धरून ठेवत नाही, म्हणून उंदरांचे निकाल इतके चांगले आले होते. आणि लघवी आम्लधर्मी असल्यामुळे मूत्राशयात ती कडी पुन्हा मिटते. जिथे नको तिथे औषध जागं होतं. सुधीर, हे त्या वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शुद्ध आणि मोजून दिलेल्या द्रव्याने झालं होतं. म्हणून त्या डबीची मला भीती वाटते.

ते पेशी मारतं कसं, हे १९८५ मध्ये लेरॉय लिऊ यांच्या गटाने दाखवलं. आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे घट्ट पिळलेला कासरा समज. त्याची नक्कल करताना पीळ पुढे पुढे साचत जातो. तो सोडवायला टोपोआयसोमरेज नावाचं एक विकर (एन्झाइम) एक पेड कापतं, पीळ जाऊ देतं आणि पेड परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी अडकून बसतं, जोडू देत नाही. मागून नक्कल करणारी यंत्रणा येऊन तिथे आपटते आणि डीएनए तुटतो. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना हा फटका जास्त बसतो. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण आतड्याचं अस्तर आणि हाडाच्या मगजातल्या पेशीही तशाच असतात. आबांना जुलाब होतात आणि पांढऱ्या पेशी कमी होतात ते यामुळे.

हे समजल्यावर सोडून दिलेलं द्रव्य लोकांनी पुन्हा हातात घेतलं. कड्या तशाच ठेवून बाजूला असे गट जोडले की ते पाण्यात विरघळावं. त्यातून टोपोटेकॅन आलं आणि जपानमध्ये याकुल्ट कंपनीकडे इरिनोटेकॅन तयार झालं. हो, तीच दह्यासारख्या पेयाच्या बाटल्यांची याकुल्ट. जपानमध्ये १९९४ ला आणि अमेरिकेत १९९६ ला त्याला मान्यता मिळाली. १९६६ ते १९९६ मोज. सालीपासून सलाईनपर्यंत एवढी वाट चालावी लागली.

इरिनोटेकॅन शरीरात गेल्यावर विकरं, मुख्यतः यकृतातली, त्याचं एसएन-३८ नावाचं कितीतरी जास्त जहाल रूप करतात. मग यकृतच त्याला साखरेचा एक तुकडा जोडून निकामी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले जिवाणू तो तुकडा तोडून ते पुन्हा जहाल करतात. म्हणून ह्या औषधाचे जुलाब दोन तऱ्हेचे. एक सलाईन चालू असताना किंवा त्याच दिवशी, घाम आणि पोटात कळ येऊन. त्याला दवाखान्यातच इंजेक्शन देतात. दुसरे चोवीस तासांनंतर केव्हाही, बहुतेक वेळा घरी. ते अंगावर काढायचे नाहीत. डॉक्टरांनी लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध लिहून दिलं असेल तर पहिल्या पातळ जुलाबालाच त्यांनी सांगितल्याप्रमाणे सुरू करायचं, भरपूर पाणी आणि मीठ-साखर द्यायची, आणि थांबत नसेल तर फोन. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात न्यायचं. काही माणसांत यूजीटी१ए१ ह्या जनुकाच्या फरकामुळे यकृताचं ते निकामी करण्याचं काम मंद चालतं आणि नेहमीची मात्राही त्यांना जड जाते. आबांना पहिल्या फेरीत एवढा त्रास का झाला, ह्या चाचणीचा उपयोग आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचार. गुळवेल, हळदीच्या गोळ्या, असं काही चालू असेल तर तेही सांग.

तू म्हणशील, तुमच्या प्रयोगशाळेत तर थेट अर्कच टाकता. टाकतो. पण तिथे काय सिद्ध होतं ते ऐक. छोट्या छोट्या खळग्यांच्या ताटात कॅन्सरच्या पेशी वाढवतो, अर्क घालतो, दोन दिवसांनी एक पिवळं रसायन घालतो. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात, मेलेल्या करत नाहीत. खळगा फिकट राहिला की पेशी मेल्या. पण त्यात साबणाचं पाणी घातलं तरी खळगा फिकटच राहील. तिथे यकृत नाही, आतडं नाही, रक्त नाही. आबा नाहीत. 'अमुक वनस्पतीने कॅन्सरच्या पेशी मारल्या' अशा बातम्या येतात त्यातल्या बहुतेक ह्या ताटातल्या असतात. त्या वाचून कुणी औषध थांबवलं असं ऐकलं की जीव तुटतो.

झाडाबद्दलही बोलायचं आहे. ही पूड कुठून आली असेल याचा विचार कर. परदेशातून मागणी आली आणि आंबोली, राधानगरी, आजऱ्याच्या जंगलांतून नरक्या रातोरात तोडून नेला गेला. ओंडके, साल, मुळं, सगळं. मी गेल्या पावसाळ्यात आंबोलीच्या बाजूला नमुने गोळा करायला गेलो तेव्हा एका ओढ्याकाठी नुसते बुंधे होते. एका बुंध्याच्या कडेने मात्र करंगळीएवढे चार-पाच फुटवे वर आले होते, पानं लांबट, कोवळी. नरक्या असा फुटतो, फक्त त्याला पुन्हा तोडायला कुणी येऊ नये. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात ह्या झाडाच्या पेशी बाटलीत वाढवून त्यांच्याकडून द्रव्य मिळवण्याचं काम झालंय. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांना तर झाडाच्या आत राहणारी एक बुरशी मिळाली जी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते. अशा बुरशींचं उत्पादन झाडाबाहेर हळूहळू घटत जातं ही अडचण आहे. तरी माझी सगळी आशा ह्याच दिशेला आहे. झाड उभं ठेवून द्रव्य मिळालं पाहिजे.

आणि एक गोष्ट, ती आबांना नक्की सांग, त्यांना झाडांची आवड आहे. पेशी मारणारं हे द्रव्य अंगात भरून झाड स्वतः कसं जगतं? चिनी झाडात ह्याचं उत्तर सापडलंय. त्याच्या टोपोआयसोमरेजमध्ये ७२२ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं आहे, म्हणून द्रव्य तिथे अडकतच नाही. आणि माणसाच्या, औषधाला दाद न देणाऱ्या कॅन्सर पेशींतही नेमक्या त्याच जागी तोच बदल सापडला आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

शनिवारी सकाळच्या एसटीने निघतो, संध्याकाळपर्यंत पोचेन. फाइल आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट काढून ठेव. पाव्हणे गावात असतील तर त्यांनाही बोलाव, त्यांच्याशी मी शांतपणे बोलेन. त्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवायचं नाही. काकूंना नमस्कार. आबांना सांग, मी येतोय.

तुझा,
मिलिंद

ता. क. पूड फेकू नकोस. डबी बंद करून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेव, मी घेऊन येतो. पट्टीवर घालून त्यात काय आहे ते तुला कळवीन.