पट मोजला, मुले कधी मोजणार?

‘देशातील शालेय पटसंख्येत पुन्हा घट’ ही बातमी वाचली. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘यू-डायस प्लस’ प्रणालीनुसार २०२३-२४ मधील २४.८० कोटींचा पट २०२४-२५ मध्ये २४.६९ कोटींवर आला. मुळात मुलेच कमी झाली की शाळाबाह्य मुले वाढली, हे यावरून कळत नाही. पटाला ज्या बालसंख्येने भागायचे, तो २०११च्या जनगणनेवर बेतलेला अंदाज आहे आणि तालुका व जातनिहाय पातळीवर तो फारच कच्चा ठरतो.

१ मार्च २०२७ या संदर्भदिनाची जनगणना ही उणीव भरून काढू शकते. मात्र तिची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत होणार आणि तेव्हा ऊसतोडणी जोरात असते. बीडमधील मूल कोल्हापूरच्या फडावर मोजले जाईल, नाव मात्र गावच्या पटावर राहील. म्हणजे अंश एका जिल्ह्यात, छेद दुसऱ्यात! त्यामुळे प्रगणकांनी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) जाऊन प्रत्येक मुलाचा मूळ तालुका आणि जन्मतारीख नोंदवावी. नुसते वय विचारले की पालक अंदाजाने दहा किंवा बारा सांगतात आणि त्या वयांची संख्या फुगते. वयाच्या प्रत्येक वर्षाचे, जातनिहाय तक्ते तालुकापातळीवर सर्वांत आधी प्रसिद्ध करावेत. शिक्षक आणि वर्गखोल्यांचे नियोजन त्यांवाचून अडले आहे.

– एक वाचक, बीड