आरोग्यमंत्री साहेब, ईसीजीचा रोल संपला होता

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मंगळवारी रात्री साडेअकराला माझ्या 17 वर्षांच्या मुलीची छाती मिनिटाला दोनशेच्या वर धडधडत होती. मानेची शीर उडताना नुसत्या डोळ्यांना दिसत होती. ग्रामीण रुग्णालयात नेलं. मशीन होतं, कागदाचा रोल नव्हता. "ताई, बारावीचं टेन्शन आहे," म्हणाले आणि झोपेची गोळी दिली.

ही चौथी वेळ. याच रोलसाठी आठ महिन्यांपूर्वी अर्ज दिला होता. "यापुढे साहित्य कमी पडणार नाही," असं सहीशिक्क्याचं उत्तर आलं, ते आजही माझ्या फायलीत आहे.

गुरुवारी उसनवारी करून खासगीत नेलं. ती शांत बसलेली असताना काढलेल्या ईसीजीच्या पट्टीवरही आजार दिसला! उंच सुळक्याच्या पायथ्याशी तिरका चढ होता, डॉक्टरांनी त्यावर पेन टेकवलं आणि म्हणाले, ही डेल्टा वेव्ह. आजाराचं नाव वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली विजेचा संदेश जायला एकच वाट असते, हिला जन्मापासून दुसरी चोरवाट आहे. संदेश एकीने उतरतो, दुसरीने परत चढतो आणि गरगर फिरत राहतो. क्वचित यात जीवही जातो. धडधड बेताल असताना चुकीचं इंजेक्शन दिलं तरी जातो. म्हणून पट्टी आधी लागते, साहेब.

1930 पासून माहीत असलेला हा आजार. मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती वाट जाळली की शंभरातले नव्वदहून जास्त बरे होतात. मला पावणेदोन लाख सांगितले. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड पुढे केलं, तर "आमच्याकडे हे त्यात बसत नाही." मग पाच लाखांचं संरक्षण कोणासाठी आहे?

हजारात एकाला तरी हे असतं म्हणतात. लाखाच्या तालुक्यात शंभर जण झाले. त्यातल्या किती पोरींना टेन्शन म्हणून घरी पाठवलंत?

मी अंगणवाडी सेविका आहे. बाळांची वजनं एक दिवस उशिरा भरली तर मला नोटीस येते. रोल संपल्याची नोटीस कोणाला गेली? आम्हाला मानधन वेळेवर नाही, औषध वेळेवर नाही, फक्त जाब वेळेवर विचारला जातो.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रोल आणि अशी धडधड थांबवणारं अडेनोसिनचं इंजेक्शन ठेवा. चोरवाट जाळण्याची सोय मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयात फुकट करा.

फेब्रुवारीत तिचे पेपर आहेत. मी रोज केंद्राच्या फाटकाशी उभी राहणार आहे, त्या पट्टीची झेरॉक्स हातात घेऊन.

आपली,
एक आई