काळ्या रानातला प्लॉट घेताय? आधी खड्डा खणून बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या पेपरात रोज एनए (बिगरशेती) प्लॉटच्या जाहिराती असतात, हायवेपासून किती मिनिटं, गेट, गार्डन सगळं असतं पण खाली माती कसली ते कुठंच नाही. आमच्या परभणी-नांदेडकडची काळी माती कापसाला झकास, पण पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मग भिंतींना तडे गेले की लोक बिचाऱ्या गवंड्याला शिव्या घालतात. पैसे द्यायच्या आधी मुरूम किती फुटावर लागतो ते बघा, सॉइल टेस्ट करा, इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाइलचं (म्हणजे तळाशी फुगीर असलेल्या, जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवरच्या पायाचं) विचारा, रुडकीच्या सीबीआरआय या इमारत-संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी डेव्हलप केलीये. आणि दारात लिंबू लावणार असाल तर निचरा बघा, पाणी साचलं की मुळं कुजतात. जाहिरातीत मातीची एक ओळ छापायला काय हरकत आहे?

एक वाचक, परभणी