आजारपणासाठी साठवलेल्या पैशालाही करसवलत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात आजारपणाची तरतूद म्हणजे बहुतेकांच्या लेखी पिग्मीच, म्हणजे रोज थोडेथोडे भरायची बचत ठेव. संध्याकाळी पिग्मीवाला दुकानाच्या पायरीशी थांबतो, शंभराची नोट घेऊन यंत्रातून पावतीची बोटभर पट्टी काढून देतो, आणि घरात कुणी आजारी पडले की याच रकमेवर भिस्त असते. या बचतीत भरलेल्या रकमेला प्राप्तिकरात मात्र सवलत नाही.

गेल्या वर्षी ७६ वर्षांच्या माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले. त्या वयाचा हप्ता परवडेना म्हणून तिचा आरोग्यविमा काढलेला नव्हता. पिग्मीची रक्कम माझ्या बँक खात्यात जमा झाली. पण दवाखान्यात रोख असलेली बरी, या जुन्या समजुतीने मी ती काढून रुमालात बांधून नेली आणि काउंटरवर मोजून दिली. विवरणपत्र भरताना करसल्लागारांनी विचारले, "रोखीने दिलेत ना? मग संपले." विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारांवर केलेला खर्च ५०,००० रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा करता येतो, मुलाने आईवडिलांसाठी केलेलाही, मात्र तो रोखीने केलेला नसावा आणि करदाता जुन्या करप्रणालीत असावा, हे मला तेव्हा कळले. मी जुन्या प्रणालीत होतो, तरी हातची सवलत गेली.

अमेरिकेत २००४ पासून आरोग्य बचत खाते आहे. त्यात भरलेली रक्कम, तिच्यावरील वाढ आणि उपचारांसाठी काढलेले पैसे, तिन्ही करमुक्त असतात व शिल्लक पुढील वर्षी तशीच राहते. मोठा खर्च आधी स्वतः सोसावा लागणारा विमा असलेल्यांनाच ते उघडता येते, त्यामुळे ती योजना जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे पीपीएफ, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे करसवलतीचे सरकारी बचत खाते. पण त्याची मुदत १५ वर्षांची, थोडी रक्कम काढता येते तीही सातव्या वर्षापासून, आणि पाच वर्षांनंतर मुदतीआधी खाते बंद करायचे तर आजार जिवावरचा असावा लागतो, शिवाय व्याज एक टक्क्याने घटते. मोतीबिंदू किंवा दातांसाठी ही मुभा नाही.

म्हणून केवळ औषधोपचारांसाठी काढता येईल असे करमुक्त बचत खाते केंद्र सरकारने सुरू करावे, त्याची सवलत नव्या करप्रणालीतही ठेवावी आणि सहकारी बँकांनाही ते उघडू द्यावे, कारण इथला माणूस आधी तिथेच जातो. आमच्या खासदारांनी हा विषय अर्थमंत्रालयाकडे न्यावा. तोवर ज्यांच्या घरी विमा नसलेले वृद्ध आहेत, त्यांनी दवाखान्याचे बिल धनादेशाने किंवा यूपीआयने भरावे, आणि पावतीवर रुग्णाचे पूर्ण नाव घालून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

आपला,
एक दुकानदार वाचक,
शहापूर, बेळगाव